अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया म्हणजे काय? यात रक्तस्राव कसा थांबवतात? संपूर्ण माहिती

हिमोफिलिया म्हटलं की शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातला तक्ता आठवतो: आईकडून मुलाकडे येणारा, जन्मापासूनचा आजार. पण रक्त न गोठण्याचा असाच त्रास सत्तरीतल्या आजोबांना किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या ताईला अचानक सुरू होऊ शकतो, घराण्यात कोणालाही नसताना. याला अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया म्हणतात, म्हणजे नंतर जडलेला हिमोफिलिया.

हा आजार कसा होतो, कोणत्या रिपोर्टवरून पकडला जातो, रक्तस्राव थांबवणारी औषधं आतून कशी काम करतात आणि नांदेड-लातूरकडे राहणाऱ्याने वेळ कशी वाचवायची, हे सगळं या लेखात बघूया.

थोडक्यात

- शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तातल्या फॅक्टर आठवर हल्ला करते, म्हणून रक्त गोठत नाही.
- पीटी नॉर्मल, प्लेटलेट नॉर्मल, पण एपीटीटी वाढलेला: रिपोर्टमधली ही जोडी सगळ्यात महत्त्वाची खूण आहे.
- नुसता फॅक्टर आठ किंवा प्लाझ्मा देऊन बहुतेक वेळा रक्त थांबत नाही. त्याला वळसा घालणारी औषधं लागतात.
- निदान होईपर्यंत ऑपरेशन, स्नायूतलं इंजेक्शन आणि मालिश टाळायची.

अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया म्हणजे नेमकं काय?

जखम झाली की रक्तातले अनेक फॅक्टर एकामागोमाग एक चालू होतात आणि शेवटी गुठळी तयार होते. एका फंक्शनने दुसऱ्याला कॉल करावा तशी ही साखळी आहे. यात फॅक्टर आठचं काम जोडणाऱ्याचं. तो फॅक्टर नऊ आणि फॅक्टर दहा यांना जवळ आणतो, त्यामुळे पुढची पायरी खूप वेगाने होते. फॅक्टर आठ नसेल तर साखळी तिथेच रेंगाळते.

जन्मजात हिमोफिलिया ए मध्ये जीनमध्येच दोष असतो, त्यामुळे फॅक्टर आठ बनतच नाही किंवा कमी बनतो. अ‍ॅक्वायर्डमध्ये तो व्यवस्थित बनतो, पण शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. कधीकधी अँटीव्हायरस फोनमधल्या चांगल्या सिस्टीम फाईललाच व्हायरस समजून ब्लॉक करतो ना, तसंच काहीसं. या अँटीबॉडीला डॉक्टर इनहिबिटर म्हणतात.

साधारण निम्म्या रुग्णांमध्ये यामागचं कारण सापडत नाही. बाकीच्यांमध्ये ल्युपस किंवा संधिवातासारखे आजार, कॅन्सर, काही औषधं किंवा बाळंतपण यांच्याशी संबंध दिसतो. बाळंतपणानंतरचा प्रकार बहुतेक वेळा पहिल्या एक ते चार महिन्यांत लक्षात येतो.

किती जणांना होतो?

ब्रिटनमध्ये 2001 ते 2003 या काळात झालेल्या अभ्यासात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे 1.5 रुग्ण सापडले. 2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 33.6 लाख आणि लातूरची 24.5 लाख होती. ब्रिटनचाच दर लावला तर दोन्ही जिल्हे मिळून वर्षाला आठ-नऊ रुग्ण होतात. ब्रिटनमध्ये म्हातारी माणसं जास्त आहेत आणि हा आजार उतारवयात जास्त होतो, त्यामुळे आपल्याकडचा खरा आकडा कमी असू शकतो. पण शून्य नक्कीच नसणार.

आता विचार करा, इतक्या कमी रुग्णांमुळे एखाद्या गावातल्या डॉक्टरला अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये हा आजार एकदाही दिसणार नाही. म्हणूनच निदानात दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत रक्त वाहत राहतं.

लक्षणं कशी ओळखायची?

जन्मजात हिमोफिलियात गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत रक्त साचतं. अ‍ॅक्वायर्डमध्ये सांधे बहुतेक वेळा वाचतात आणि रक्त त्वचेखाली व स्नायूंत पसरतं.

- मार न लागता किंवा किरकोळ धक्क्याने तळहातापेक्षा मोठे काळे-निळे डाग उठणं.
- सलाईन किंवा सुई टोचली त्या जागी अख्खा हात सुजून जांभळा होणं.
- जांघेत किंवा कमरेत दुखणं, पाय सरळ न करता येणं. पोटामागच्या स्नायूत रक्त साचल्याची ही खूण असू शकते.
- काळी शी, लघवीतून रक्त, दात काढल्यावर तासन् तास न थांबणारं रक्त.
- बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी पुन्हा जास्त रक्तस्राव सुरू होणं.
- डाग फारसा दिसत नाही पण थकवा, चक्कर आणि हिमोग्लोबिन झपाट्याने खाली.

हाताची बोटं बधिर होत असतील आणि दंड किंवा पोटरी दगडासारखी घट्ट झाली असेल, तर आतल्या रक्ताने नस दाबली जात असते. डोकं प्रचंड दुखून उलटी होत असेल तर मेंदूत रक्तस्राव असू शकतो. अशा वेळी थांबू नका, लगेच 108 ला फोन करा.

रिपोर्टमधला एक आकडा: एपीटीटी

रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजणाऱ्या दोन नेहमीच्या टेस्ट आहेत: पीटी आणि एपीटीटी. फॅक्टर आठ फक्त एपीटीटीच्या रस्त्यावर येतो. म्हणून या आजारात पीटी नॉर्मल राहतो आणि एपीटीटी लांबतो. बऱ्याच लॅबमध्ये एपीटीटीची नॉर्मल रेंज साधारण 25 ते 35 सेकंद असते, पण मशीन आणि केमिकलप्रमाणे ती बदलते. म्हणून तुमच्या रिपोर्टवर छापलेली रेंजच बघायची.

पुढची पायरी म्हणजे मिक्सिंग टेस्ट. रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा समसमान मिसळतात आणि पुन्हा एपीटीटी मोजतात.

- आकडा नॉर्मल झाला आणि नॉर्मलच राहिला: फॅक्टर कमी आहे, निरोगी प्लाझ्माने तो भरून निघाला.
- आकडा लांबलेलाच राहिला: अँटीबॉडी निरोगी प्लाझ्मातला फॅक्टरही निकामी करतेय.

इथे एक मोठी मेख आहे. फॅक्टर आठची अँटीबॉडी हळू काम करते. मिसळल्या-मिसळल्या मोजलं तर आकडा नॉर्मल दिसू शकतो. तेच मिश्रण 37 अंशांवर दोन तास ठेवून मोजलं की तो परत लांबतो. त्यामुळे मिक्सिंग टेस्ट सांगताना दोन तास इन्क्युबेशनसह केली का, हे जरूर विचारा.

ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट नावाच्या वेगळ्या अँटीबॉडीनेही एपीटीटी लांबतो, पण त्यात बहुधा रक्तस्राव होण्याऐवजी नको तिथे गुठळ्या होतात. हेपरिन चालू असेल तरीही एपीटीटी लांबतो. म्हणून शेवटी थेट फॅक्टर आठची पातळी आणि इनहिबिटरचं प्रमाण मोजावं लागतं.

इनहिबिटर बेथेस्डा युनिटमध्ये मोजतात. दोन तासांत निम्मा फॅक्टर आठ निकामी करते ती 1 युनिट, हा हिशोब 1975 मध्ये ठरला. गणित सोपं आहे: 1 युनिटला 50 टक्के उरतो, 2 युनिटला 25 टक्के. अ‍ॅक्वायर्ड प्रकारात हा हिशोब इतका सरळ बसत नाही. शिवाय युनिट कमी म्हणजे धोका कमी असंही नाही. पातळी बरी दिसणाऱ्या रुग्णालाही अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

सॅम्पल बिघडलं तर रिपोर्टही बिघडतो

चुकीचा इनपुट दिला की आउटपुटही चुकीचाच येणार, हे प्रोग्रामिंग शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. एपीटीटीचं तसंच आहे.

- रक्त फिकट निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्येच घ्यावं लागतं, आणि ट्यूब खुणेपर्यंत भरावी लागते. रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण 9 ला 1 असतं. ट्यूब अर्धवट भरली तर एपीटीटी उगाच लांब दिसतो.
- हेपरिनने धुतलेल्या सलाईनच्या लाईनमधून रक्त काढलं तरीही आकडा चुकतो.
- सॅम्पल साधारण चार तासांच्या आत तपासायला हवं. फॅक्टर आठ नाजूक असतो, ट्यूबमध्ये पडून राहिला की कमी होत जातो.
- बाहेरगावी पाठवायचं असेल तर प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून, ड्राय आईसमध्ये पाठवतात.

म्हणजे देगलूर किंवा उदगीरला सकाळी काढलेली ट्यूब संध्याकाळच्या गाडीने मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवली, तर त्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. आधी एपीटीटी जवळच्या चांगल्या लॅबमध्ये नीट ट्यूबने पुन्हा करून घ्यावा. तो पुन्हा लांब आला तर पुढच्या टेस्टची तयारी लगेच सुरू करावी.

रक्तस्राव थांबवणारी औषधं कशी काम करतात?

पहिला विचार येतो की फॅक्टर आठ कमी आहे तर वरून भरा. पण वरून दिलेला फॅक्टर आठही तीच अँटीबॉडी गिळून टाकते. रक्तपेढीतला प्लाझ्मा किंवा क्रायोप्रेसिपिटेट याच कारणाने बहुतेक वेळा अपुरा पडतो. रक्त चढवल्याने हिमोग्लोबिन भरून निघतं, पण गळती तशीच राहते. 2003 ते 2008 दरम्यान युरोपातल्या 501 रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीत हे स्पष्ट दिसलं: वळसा घालणाऱ्या औषधांनी सुमारे 93 टक्के रक्तस्राव आटोक्यात आले, तर फॅक्टर आठ किंवा डेस्मोप्रेसिनने सुमारे 68 टक्के.

1. रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए

पूल खचला की शेजारून कच्चा रस्ता काढून वाहतूक सुरू करतात, तसं हे औषध आहे. ते प्लेटलेटच्या पृष्ठभागावर फॅक्टर दहाला थेट चालू करतं, मध्ये फॅक्टर आठची गरजच पडत नाही. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला 90 मायक्रोग्राम, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी. 60 किलोच्या माणसाला एका वेळी 5.4 मिलिग्राम. दर दोन तासांनी धरलं तर पहिल्या दिवसाला 12 डोस, म्हणजे जवळपास 65 मिलिग्राम. आता लक्षात येईल की खर्च लाखांत का जातो.

2. एपीसीसी

हे दान केलेल्या प्लाझ्मापासून बनवतात. यात बरेच फॅक्टर एकत्र असतात, काही आधीच चालू अवस्थेत. डोस दर किलोला 50 ते 100 युनिट, दर 8 ते 12 तासांनी, आणि दिवसाला 200 युनिट प्रति किलोपेक्षा जास्त नाही. डोस कमी वेळा द्यावा लागतो हा याचा फायदा.

3. डुकराचा फॅक्टर आठ

हा डुकराच्या फॅक्टर आठसारखा, लॅबमध्ये बनवलेला फॅक्टर आहे. आपली अँटीबॉडी माणसाच्या फॅक्टरसाठी बनलेली असते, त्यामुळे बऱ्याचदा ती याला नीट ओळखत नाही. अमेरिकेत 2014 मध्ये याला मान्यता मिळाली. रक्तातली पातळी मोजून डोस कमी-जास्त करता येतो, जे पहिल्या दोन औषधांत जमत नाही.

4. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड

हे औषध तयार झालेली गुठळी टिकवून ठेवतं. नाक-तोंडातल्या रक्तस्रावात मदत करतं आणि स्वस्त आहे. पण लघवीतून रक्त जात असेल तर मूत्रमार्गात गुठळी अडकू शकते, म्हणून तेव्हा टाळतात. एपीसीसीसोबत द्यायचं की नाही हे डॉक्टर जपून ठरवतात.

5. एमिसिझुमॅब

टेक्नॉलॉजीच्या दृष्टीने सगळ्यात भारी औषध हेच. ही लॅबमध्ये बनवलेली दोन टोकांची अँटीबॉडी आहे. एका टोकाने फॅक्टर नऊ पकडते, दुसऱ्याने फॅक्टर दहा. म्हणजे फॅक्टर आठचं जोडणाऱ्याचं काम एखाद्या अ‍ॅडॅप्टरसारखं करते, आणि फॅक्टर आठसारखी दिसत नसल्याने शरीराची अँटीबॉडी तिला हात लावत नाही. त्वचेखाली इंजेक्शन देतात. जपानमध्ये 2022 मध्ये अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलियासाठी याला मान्यता मिळाली. जर्मनी आणि ऑस्ट्रियात 47 रुग्णांवर झालेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हे औषध पुढचे रक्तस्राव टाळण्यासाठी आहे, आत्ता चालू असलेला जोरदार रक्तस्राव थांबवायला वरची औषधंच लागतात. दुसरं, हे घेतल्यावर एपीटीटी एकदम नॉर्मल दिसतो, जरी आजार तसाच असला तरी. तपासणाऱ्या नव्या डॉक्टरला हे औषध चालू असल्याचं सांगितलं नाही तर तो रिपोर्ट बघून सगळं ठीक समजू शकतो. शिवाय याच्यासोबत एपीसीसी जास्त प्रमाणात दिलं तर लहान रक्तवाहिन्यांत धोकादायक गुठळ्या होऊ शकतात.

वळसा घालणाऱ्या औषधांचा गुठळीचा धोका तसाही असतो. वर सांगितलेल्या युरोपीय रजिस्ट्रीत सुमारे 3.6 टक्के रुग्णांमध्ये असं झालं. हृदयविकार असलेल्या वयस्कर रुग्णांमध्ये म्हणूनच जपून डोस देतात.

मूळ कारण बंद करणं

रक्त थांबवणं म्हणजे तात्पुरता पॅच. खरा बग आहे अँटीबॉडी. म्हणून सोबतच प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड देतात, गरजेप्रमाणे सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब जोडतात. अँटीबॉडी जायला साधारण पाच-सहा आठवडे, कधी महिनेही लागतात. याच काळात प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने इन्फेक्शनचा मोठा धोका असतो. बरेच मृत्यू रक्तस्रावाने न होता इन्फेक्शनने होतात. त्यामुळे ताप आला तर घरी गोळी घेऊन बसायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही.

घरी काय करू नये?

आपल्याकडे मुका मार लागला की तेल चोळायचं, गरम विटेचा शेक द्यायचा, आणि कंबर दुखली की दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, एक सुई मारा" म्हणायचं. या आजारात तिन्ही गोष्टी महागात पडतात.

- सुजलेल्या जागी मालिश आणि गरम शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, हलका दाब आणि तो अवयव न हलवता ठेवणं चालतं.
- दंडात किंवा कमरेखाली स्नायूत इंजेक्शन नको.
- अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. दुखण्यासाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, बहुधा पॅरासिटामॉल सांगतात.
- साचलेलं रक्त काढायला चीर देऊ नका. चिरलेल्या जागेचं रक्त थांबत नाही.
- हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका, पण ती सगळ्यात आधी डॉक्टरांना दाखवा.

नांदेड-लातूरहून कुठे जायचं?

पहिली पायरी म्हणजे जवळचं मोठं सरकारी रुग्णालय: नांदेडला विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रुग्णाला स्थिर करणं, रक्त चढवणं आणि योग्य ठिकाणी रेफर करणं इथून होऊ शकतं.

खास टेस्टसाठी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. रक्ताच्या आजारांवर काम करणारी ही राष्ट्रीय संस्था. तिथल्या श्रीमती शेट्टी, कंजाक्ष घोष आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलियाच्या निदान आणि उपचारांचा आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध केला होता.

तपोवन एक्सप्रेसने नांदेडहून मुंबईला जायचं तर जवळपास अख्खा दिवस जातो. फॅक्टर सात-ए दर दोन-तीन तासांनी लागतं, म्हणजे तेवढ्या वेळात चार-पाच डोस चुकतात. त्यामुळे रक्त चालू असलेल्या माणसाला घेऊन असंच निघू नका. इथल्या डॉक्टरांना तिकडच्या रक्तविकार तज्ज्ञांशी फोनवर बोलायला सांगा. काही वेळा रुग्णापेक्षा त्याचा गोठवलेला प्लाझ्मा पाठवणं शहाणपणाचं असतं. औषध कुठे शिल्लक आहे हेही आधी फोन करून विचारा. राज्यातल्या काही सरकारी रुग्णालयांत हिमोफिलिया केंद्रं आहेत, तिथे चौकशी जरूर करा.

तुमचा मोबाईल इथे काय कामाचा?

घरात स्मार्टफोन नीट वापरता येणारे बहुधा तुम्हीच असता. मग ही कामं तुमची.

1. डागाचा फोटो: डागाची कडा पेनाने आखा, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवा, रोज त्याच उजेडात फोटो काढा. डाग आखलेल्या रेषेबाहेर गेला तर डॉक्टरांना लगेच कळतं.
2. रिपोर्ट पाठवताना: फोनच्या स्कॅनरने पीडीएफ बनवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो दाबला जाऊन सेकंदांचे आकडे पुसट होतात. लॅबची नॉर्मल रेंज दिसतेय का ते बघा.
3. तारखांची यादी: पहिला डाग कधी, कोणती औषधं, शेवटचं बाळंतपण कधी, आधीचा नॉर्मल एपीटीटी असेल तर तो. माहेरी बाळंतपण झालं असेल तर तिकडची फाईलही स्कॅन करून मागवा. जुना नॉर्मल रिपोर्ट हा आजार नंतर जडल्याचा चांगला पुरावा असतो.
4. लॉक स्क्रीनवर माहिती: आयफोनमध्ये मेडिकल आयडी आणि अँड्रॉइडमध्ये इमर्जन्सी माहिती भरता येते. "अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया, स्नायूत इंजेक्शन नको, चालू औषध अमुक" एवढं लिहा. एमिसिझुमॅब चालू असेल तर ते नाव हवंच.
5. आभा नंबर: 14 अंकी आभा खात्यात रिपोर्ट जोडले असतील तर दुसऱ्या शहरातही दाखवता येतात.

डोस मात्र कोणत्याही अ‍ॅपवर किंवा चॅटबॉटला विचारून ठरवू नका. वर दिलेले आकडे औषध कसं चालतं हे कळण्यासाठी आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा आजार एकाकडून दुसऱ्याला होतो का?
नाही. मुलांनाही वारशाने जात नाही. मात्र गरोदरपणातच आईच्या रक्तात अँटीबॉडी असेल तर ती नाळेतून बाळाकडे जाऊ शकते, म्हणून बाळाला सुई टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.

पूर्ण बरा होतो का?
बऱ्याच जणांमध्ये अँटीबॉडी निघून जाते. काहींमध्ये ती पुन्हा येते, म्हणून बरं झाल्यावरही ठरलेल्या तारखांना एपीटीटी आणि फॅक्टर आठ तपासत राहावं लागतं.

पीटी नॉर्मल आहे, मग रक्त गोठण्यात दोष नाही ना?
असं समजू नका. पीटी फॅक्टर आठ मोजतच नाही.

डॉक्टरांना नेमकं काय विचारू?
एवढंच: "एपीटीटी एकटाच लांब आहे, मिक्सिंग टेस्ट आणि फॅक्टर आठ करायचं का? आणि तोपर्यंत कोणतीही चीर किंवा स्नायूतली सुई थांबवता येईल का?"

मित्रांनो, ही माहिती निदानाची किंवा डॉक्टरांची जागा घेत नाही. पण हा शेवटचा प्रश्न स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. लेख आवडला तर नक्की शेअर करा, काही शंका असेल तर जरूर विचारा.